सांडपाणी : दूर लोटणे आणि शुद्ध करणे

मुंबईतील शिवडीच्या उत्तरेस, वडाळा येथे, निराधार कुष्ठरोग्यांसाठी १८९० साली एक आश्रयस्थान उघडण्यात आले. महापालिका आयुक्त अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही संस्था पुढे त्यांच्याच नावाने प्रसिद्धी पावली. तेथील मैलापाण्याच्या टाक्यांतून निघणारा वायू १८९७ साली साठवून त्यावर इंजिन चालविण्यात आले. ज्याच्याकडे पाहून माणूस नाक मुरडतो त्यापासून यंत्र चालावे, यात चमत्कार नाही. त्यामागे सृष्टीचा नियम आहे.

मैलापाणी बंद टाकीत संथ राहिले की जड भाग तळाशी बसतो व हलका भाग वर तरंगतो. तळच्या गाळावर, प्राणवायूशिवाय जगणारे सूक्ष्म जंतू वाढतात. ते गाळ कुजवितात आणि त्यातून मुख्यतः मिथेन व कर्बद्विप्राणिद वायू निघतो. यांपैकी मिथेन ज्वालाग्राही आहे. गोबरगॅसचे तत्त्वही हेच होय.

परंतु टाकीतून बाहेर पडणारे पाणी शुद्ध झाले असे समजू नये. त्यात विरघळलेली घाण व रोगजंतू शिल्लक असतात. म्हणून दुसरी पायरी हवेची. हे पाणी खडीच्या थरांतून झिरपविले किंवा त्यात हवा खेळविली, म्हणजे प्राणवायूवर जगणारे जंतू उरलेली घाण खाऊन टाकतात. एवढ्यानेही ते पिण्याजोगे होत नाही. मात्र निर्जंतुक केल्यावर बागेस वा शेतीस उपयोगी पडू शकते.

समुद्रकाठच्या शहराला घाण पाण्यात लोटण्याचा मोह होतो. डोंगरउतारावरील गावाला तर हा मार्ग मुळीच परवडणारा नाही. वरच्या वाडीने ओढ्यात सोडलेले पाणी खालच्या वाडीच्या झऱ्यापर्यंत, पाणवठ्यापर्यंत पोहोचते. पटकी, विषमज्वर, कावीळ व अतिसार हे रोग याच वाटेने घरात शिरतात आणि त्यांचा पहिला घाव लहान मुलांवर बसतो. वरची वाडी ज्याला ‘दूर लोटणे’ म्हणते, ते खालच्या वाडीचे ‘जवळ येणे’ असते.

खेड्यात मोठी यंत्रे नसली तरी काही नियम पाळता येतात. शौचालय विहिरीच्या चढाच्या बाजूस नसावे व तिच्यापासून पुरेसे दूर असावे. दोन खड्ड्यांच्या शौचालयात एक खड्डा भरल्यावर तो बंद करून दुसरा वापरावा. भरलेला खड्डा निदान वर्षभर उघडू नये. हात धुण्याचे व मोरीचे पाणी शोषखड्ड्यात किंवा परसबागेत सोडावे. शौचालयाचे पाणी मात्र उघड्या गटारात कधीही सोडू नये.

वर्गात हा विषय एका सोप्या प्रयोगाने शिकविता येईल. मातीचे गढूळ पाणी काचेच्या भांड्यात स्थिर ठेवावे. गाळ बसल्यावर वरचे पाणी वाळू व बारीक खडीच्या थरांतून गाळावे. (प्रयोगासाठी खरे सांडपाणी घेऊ नये.) पाणी निवळलेले पाहून मुले आनंदित होतील. त्या वेळी शिक्षकांनी विचारावे, “आता हे प्यावे काय?” डोळ्यांना स्वच्छ दिसणारे पाणी निर्धोक असतेच असे नाही, हे उत्तर मुलांच्या मनात ठसले, म्हणजे पाठाचा हेतू सफल झाला.