कावळा, फांदी आणि घाम

मागे आपण काकतालीय न्याय पाहिला: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. आता एका श्रोत्याचा प्रश्न घेऊ. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली आणि दरदरून घाम यायला लागला. मग कारण गोळीच ना?

असेलही. पण ‘नंतर’ म्हणजे ‘मुळे’ नव्हे. अन्वयाबरोबर व्यतिरेकही लागतो: गोळी बंद, तर घामही बंद. आणि तेवढ्यानंही भागत नाही! लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांचा २०२० सालचा प्रयोग बघा. त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेले ६० जण. चार महिने खरी गोळी, चार महिने हुबेहूब तशीच पण औषध नसलेली, चार महिने काहीच नाही. महिन्यांचा क्रम उलटसुलट. त्रासाचे सरासरी गुण, शंभरपैकी: गोळीविना ८, खऱ्या गोळीवर १६.३, नकली गोळीवर १५.४. म्हणजे त्रास खोटा नव्हता हं. तो गोळी घेण्यातून येत होता, बहुतांशी औषधातून नव्हे.

म्हणून घामासाठी थायरॉइड, मधुमेहाच्या औषधानं उतरलेली साखर, नैराश्यावरची गोळी, हेही तपासून घ्यायचं. स्टॅटिन थांबवून पाहायचं, तर डॉक्टरांना विचारूनच. मात्र छातीत दडपण येऊन घाम फुटला, तर हा सगळा न्याय गुंडाळून ठेवायचा आणि तडक हॉस्पिटल गाठायचं.