दुभंगलेला कणा आणि मुलांचा खुबा

गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांच्या आत बाळाच्या मज्जारज्जूची नळी पूर्ण मिटावी लागते. कमरेपाशी ती उघडी राहिली तर बहुधा बाळ पाठीवर पातळ आवरणाचा फुगा घेऊन जन्मते. या विकाराला स्पायना बायफिडा म्हणतात. फुगा शस्त्रक्रियेने मिटवता येतो. परंतु पायांकडे जाणाऱ्या ज्या नसा निकामी झाल्या, त्या पूर्ववत होत नाहीत.

पुढे पालकांना घोर लागतो तो खुब्याचा. इजा कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या पातळीवर असेल तर मांडी पुढे उचलणारे व आत ओढणारे स्नायू शाबूत राहतात, मागे व बाहेर नेणारे लुळे पडतात. रस्सीखेचीत एका बाजूला गडीच नसावेत, तसा हा प्रकार. मांडीच्या हाडाचा गोळा हळूहळू वाटीतून निसटतो. एक्स-रे पाहून आईबाप हबकतात, कर्ज काढून खुबा बसवायला निघतात.

येथे जरा थांबावे. निखळलेला खुबा या मुलांना सहसा दुखत नाही आणि तो बसवल्याने चालणे सुधारतेच असे नाही. मूल किती चालेल हे लकव्याची पातळी व गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूतील जोर यांवर ठरते. दोन्ही खुबे निखळले असतील तर बहुतेक तज्ज्ञ ते तसेच राहू देतात. (लकवा अगदी कमी आणि एकच खुबा निखळलेला, तर गोष्ट वेगळी.) खरा शत्रू आखडणे. खुबा वाकडा आखडला की कॅलिपर नीट बसत नाही, कंबर कलते, भार एकाच कुल्ल्यावर येऊन बधिर कातडीला जखम होते. म्हणून रोज काही वेळ पालथे झोपवावे, शिकवलेले व्यायाम चुकवू नयेत. आखडलेले स्नायू सैल करण्याची शस्त्रक्रिया मात्र उपयोगी पडते.

हाड बसवणाऱ्याकडे मुळीच नेऊ नये. ही हाडे ठिसूळ असतात. ओढताना मोडली तरी मूल रडत नाही. मांडी सुजून लाल व गरम झाली तर लेप लावत बसू नये, एक्स-रे काढावा.

माहूरच्या डोंगरातून नांदेड गाठणे सोपे नाही. परंतु २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष समाविष्ट आहे. अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाला मूल दाखवावे. पुढील उपचारांसाठी तेच पाठवतात. असे मूल झालेल्या मातेने पुढच्या खेपेस दिवस राहण्यापूर्वीच, डॉक्टरांच्या सल्ल्याने, रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करावे. त्याने हा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटतो, हे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश पाहणीत दिसले आहे.