काडी मोडली, फ्लॅटचं काय?

घटस्फोटाला आपल्याकडचा जुना शब्द काडीमोड. काडी मोडली, तुकडे दोन बाजूंना टाकले, की संपलं. हा शब्द ज्यांनी घडवला त्यांच्यापुढे दोघांच्या नावावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट नव्हता, वीस वर्षांचं गृहकर्ज नव्हतं आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेटही नव्हतं.

परस्परसंमतीचा घटस्फोट हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आला. दोन अर्जांमधली सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असंही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं. म्हणजे लग्नातून सुटणं पूर्वीइतकं लांबत नाही. घरातून सुटणं मात्र अजून लांबतं.

बँकेच्या कर्ज विभागात असताना टेबलापलीकडे एखादा गृहस्थ हुकूमनाम्याची प्रत घेऊन बसायचा. "साहेब, निकाल लागला. आता माझं नाव कर्जातून काढा." त्याला सांगावं लागायचं, की बँक तुमच्या लग्नात पक्षकार नव्हती, तशी घटस्फोटातही नाही. कर्जाच्या कागदावर दोघांच्या सह्या आहेत, म्हणजे संपूर्ण कर्जाला दोघंही जबाबदार, अर्ध्या-अर्ध्याला नव्हे. घरात ती राहते, हप्ते तिने भरायचे ठरले, आणि तिने दोन-तीन हप्ते थकवले, तर नोटीस त्यालाही जाते. सिबिलच्या नोंदीत डाग दोघांनाही लागतो. नाव काढता येतच नाही असं नाही. पण उरलेल्या एकाची मिळकत कर्जाला पुरते का, हे बँक नव्याने तपासते. पुरत नसेल तर तिचा नकार कोर्टाच्या कागदाने बदलत नाही.

खरी कुतरओढ होते ती हिश्शावरून. खरेदीच्या करारात दोन नावं असतात, पण कोणाचा किती हिस्सा हे क्वचितच लिहिलेलं असतं. नव्या संसारात असं विचारणं अपशकुनी वाटतं ना! १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो, की दोघांनी आपापल्या पैशातून घर घेतलं असेल तर ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा हिस्सा. पुरावा नसेल तर समान. वाचायला सरळ आहे. आता मध्यमवर्गीय घरातला महिन्याचा हिशेब आठवा. त्याचा पगार मोठा, म्हणून हप्ता त्याच्या खात्यातून. तिच्या पगारातून किराणा, दूध, शाळेची फी, सासूबाईंची औषधं, गणपतीचा खर्च. पंधरा वर्षांनी पासबुकं कोर्टात येतात तेव्हा घराच्या खात्यात तिचा एक रुपया दिसत नाही. तिने किराणा भरला म्हणूनच त्याला हप्ता भरता आला, हे पासबुकात कुठल्या रकान्यात लिहायचं? जिने नोकरीच केली नाही तिची गोष्ट तर याहून अवघड.

गोव्यात चित्र वेगळं आहे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सर्वसाधारणपणे दोघांची सामाईक धरली जाते आणि लग्न मोडलं की अर्धी-अर्धी होते. सह्याद्रीच्या अलीकडे तशी सोय नाही. पत्नीला पतीच्या स्थावर मालमत्तेतून वाटा देण्याची तरतूद असलेलं विधेयक २०१३ साली राज्यसभेने मंजूर केलं होतं, पण लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला खरा. पण राहणं वेगळं, मालकी वेगळी.

"मुलं मोठी होईपर्यंत घर दोघांच्याच नावावर राहू दे," असा सल्ला मामा-काका देतात. हेतू चांगला असतो, सल्ला माझ्या मते वाईट. समजा, तो मृत्युपत्र न करता गेला. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याच्या अर्ध्या हिश्शाचे वारस त्याची मुलं, त्याची आई आणि दुसरं लग्न केलं असेल तर ती पत्नी. म्हणजे जिच्यावरून निम्मी भांडणं झाली ती पूर्वीची सासू आणि जिला कधी पाहिलंही नाही ती बाई, या दोघी तिच्या स्वयंपाकघराच्या भागीदार! सोसायटीतलं नॉमिनेशन इथे कामाला येत नाही. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे.

एकाने दुसऱ्याचा हिस्सा घ्यावा, नाहीतर घर विकून, कर्ज फेडून उरलेलं वाटून घ्यावं. जमलंच नाही, तर १८९३ सालचा वाटपाचा कायदा आहे. ज्या घराचे धड तुकडे होऊ शकत नाहीत ते विकून पैसे वाटावेत, अशी मागणी निम्म्या हिश्शाचा मालक करू शकतो; आणि दुसरा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा विकत घेऊ शकतो. कायदा इंग्रजांच्या काळातला, पण आजच्या फ्लॅटला चपखल बसतो. वेळ मात्र खातो.

एक गोष्ट वकीलही कधीकधी उशिरा सांगतात. महाराष्ट्रात राहतं घर पती किंवा पत्नीला मोबदला न घेता बक्षीस दिलं, तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नोंदणी, अधिभार वगैरे वेगळं. पण ही सवलत पती-पत्नींना. हुकूमनामा झाल्यावर ती दोघं कायद्याने परकी, आणि मग शुल्क लाखांत जाऊ शकतं. तेव्हा बक्षीसपत्राने मिटवायचं असेल, तर निकालाआधी. कर्ज चालू असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्यायची.

तडजोडीच्या अटींत "फ्लॅट पत्नीला" एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या तारखेपासून हप्ता कोणाचा, सोसायटीची थकबाकी कोणाची, नोंदणीच्या दस्तावर सही किती दिवसांत करायची, न केल्यास काय, मूळ कागदपत्रं कोणाच्या ताब्यात, हे सगळं हवं. आणि किल्ल्या. एक त्याच्याकडे, एक तिच्याकडे, आणि तिसरी बहुतेक घरांत शेजारच्या काकूंकडे असते. ती त्यांनी कोणाला द्यायची, तेही लिहून ठेवा.