रिफंड आला, पण भरपाई कुठाय?

सेमिस्टर संपलेली, सात जणांचा ग्रुप, तीन महिने आधी काढलेलं गोव्याचं स्वस्तातलं तिकीट. आणि निघायच्या आदल्या रात्री मेसेज येतो: ‘ऑपरेशनल कारणांमुळे तुमची फ्लाइट रद्द झाली आहे.’ पुढचं तुम्हाला पाठ आहे. ग्रुपवर रडक्या इमोजींचा पाऊस, स्टोरीत कंपनीला टॅग करून चार शिव्या, मग मेसेजमधल्या लिंकवर क्लिक, रिफंड आणि विषय बंद.

पण रिफंड म्हणजे तुमचेच पैसे तुम्हाला परत. ऐनवेळी तोंडघशी पाडल्याबद्दल कंपनीने वरून द्यायचे पैसे म्हणजे भरपाई, आणि ती मागितल्याशिवाय सहसा कुणी हातावर ठेवत नाही.

नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा आहे. फ्लाइट रद्द होणार हे कंपनीने दोन आठवडे आधी कळवलं, तर दुसरी फ्लाइट किंवा रिफंड, एवढंच. पण सुटायला २४ तासही उरले नसताना कळवलं, तर कंपनीने तुम्हाला चालेल अशी दुसरी फ्लाइट द्यायची, किंवा पूर्ण रिफंड आणि त्यावर भरपाई. यातला ‘किंवा’ नीट वाचा. काउंटरवरच्या गर्दीत ‘उद्या संध्याकाळची चालेल का?’ या प्रश्नाला तुम्ही मान डोलावलीत, की भरपाईचा मुद्दा तिथेच लंगडा पडतो. उद्याची फ्लाइट खरंच उपयोगाची असेल तर जरूर घ्या, पण घाबरून नको.

आता पैसे. प्रवास तासाभरापर्यंतचा असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांचा असेल तर ७,५०० आणि त्याहून जास्त असेल तर १०,०००. मुंबई-गोवा साधारण सव्वा तासाची फ्लाइट, म्हणजे ७,५००? थांबा, खरी मेख पुढेच आहे. हा आकडा किंवा तुमचं एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते मिळतं. समजा हे दोन्ही मिळून २,९०० होत असतील, तर रिफंडशिवाय २,९००. स्वस्तात तिकीट काढणाऱ्यालाच कमी भरपाई, हा नियम विद्यार्थ्यांच्या बाजूचा नाही हे उघड आहे. तरी २,९०० म्हणजे महिन्याची मेस!

आणखी एक गोची आपल्यासारख्यांचीच. तिकीट मित्राच्या कार्डावरून किंवा एजंटकडून काढलेलं असतं आणि नंबरही त्यांचाच दिलेला असतो. संपर्काची पुरेशी माहिती दिलेली नसेल तर कंपनी भरपाई नाकारू शकते. बुकिंग कुणीही करो, मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच टाका.

धुकं, पूर, संप अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी भरपाई मिळत नाही. म्हणूनच कारण लेखी मागा. ‘ऑपरेशनल’ या गोलमाल शब्दात काहीही मावतं. डिसेंबर २०२५मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर इंडिगोच्या हजारो फ्लाइट्स रद्द झाल्या. तेव्हा कंपनीने सर्वाधिक फटका बसलेल्यांना १०,००० रुपयांची ट्रॅव्हल व्हाउचर्स जाहीर केली, आणि ती नियमातल्या भरपाईशिवाय वेगळी होती. तेव्हा ‘व्हाउचर दिलं ना, मग झालं’ असं कुणी म्हणालं तर लगेच गप्प बसू नका. रिफंडही ‘क्रेडिट शेल’मध्ये, म्हणजे कंपनीच्याच खात्यात ठेवायचा की बँकेत घ्यायचा, हे तुम्ही ठरवायचं असतं.

मागायची कशी? आधी कंपनीला ईमेल करा. पीएनआर, रद्द झाल्याचा मेसेज कधी आला ती वेळ, स्क्रीनशॉट आणि मागत असलेली नेमकी रक्कम, सगळं त्यात हवं. फोनवरचं बोलणं नंतर सिद्ध करता येत नाही. उत्तर आलं नाही किंवा गुळमुळीत आलं, तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथेही हललं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागत नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं. त्यामुळे गेल्या वर्षीची एखादी रद्द झालेली फ्लाइट आठवत असेल, तर इनबॉक्समध्ये तो मेल अजून आहे का, ते आजच बघा.