क्योतोचे दगड, साकाईची पाती

क्योतो शहराच्या वायव्येला ९२४ मीटर उंचीचा अतागो डोंगर आहे. त्याच्या आसपासची ताकाओ, उमेगाहाता, नारुताकी ही ठिकाणे पर्यटकांना माहीत असतात ती शरद ऋतूत लालबुंद होणाऱ्या मेपलच्या झाडांमुळे. सुतार, न्हावी, तलवारींना झिलई देणारे कारागीर आणि जपानी पद्धतीचे आचारी यांना मात्र ही नावे दुसऱ्याच कारणाने पाठ असतात. या डोंगरांच्या पोटातून कित्येक पिढ्या धार लावायचे दगड काढले गेले. नाकायामा, ओझुकू, ओकुदो, शोबुदानी, शिन्देन, ओहिरा या इथल्या खाणी. त्यांतल्या बहुतेक आज बंद आहेत, पण त्यांतून निघालेले दगड अजून हातोहाती फिरतात.

गेल्या काही वर्षांत जपानी सुऱ्या जगभरच्या स्वयंपाकघरांत पोचल्या आणि त्यांच्यामागून हे दगडही. मग साहजिकच प्रश्न विचारला जातो, यांतला सर्वांत चांगला दगड कोणता? हा प्रश्न अपुरा आहे असे मला वाटते. कोणते पोलाद, कोणत्या आकाराचे पाते आणि धारेचा कोणता टप्पा, हे ठरल्याशिवाय दोन दगडांची तुलना होऊच शकत नाही. ती तुलना कशी करायची हे समजून घ्यायला आधी दगड कशाचा झाला आहे ते पाहावे लागते.

समुद्रतळावरची धूळ

सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, पर्मियन युगाच्या अखेरीला, पृथ्वीवरचा आजवरचा सर्वांत मोठा जीवसंहार झाला. समुद्रातल्या बहुसंख्य जीवजाती नाहीशा झाल्या. रेडिओलॅरिया नावाच्या सूक्ष्मजीवांनाही त्याचा जबर फटका बसला. एरवी त्यांची सिलिकाची कवचे खोल समुद्राच्या तळाशी साचत आणि त्यांचा चर्ट हा काचेसारखा कठीण खडक तयार होई. संहारानंतर, ट्रायासिक युगाच्या सुरुवातीला, कवचांचा हा पुरवठा फार दीर्घ काळ जवळपास बंद पडला. किनाऱ्यापासून हजारो किलोमीटर दूरच्या त्या तळावर साचत राहिली ती अतिसूक्ष्म धूळ आणि चिकणमाती. पुढे सागरी भूपट्ट सरकत सरकत आशियाच्या कडेपर्यंत आला आणि हा थर तिथे चेपला, दुमडला, जमिनीला जोडला गेला. क्योतोजवळच्या या भूभागाला भूवैज्ञानिक ताम्बा पट्टा म्हणतात. भूविज्ञानाच्या लेखनात या खडकप्रकाराची ओळखच धारेच्या दगडावरून दिली जाते.

आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. क्योतोचा दगड त्याच्या जवळजवळ चौपट वयाचा आहे.

धारेच्या दृष्टीने या जन्मकथेतली कळीची गोष्ट म्हणजे किनाऱ्यापासूनचे अंतर. जाड वाळूचा कण इतक्या दूरवर पोचूच शकला नाही. त्यामुळे अभ्रकी चिकणमातीत रुतलेले क्वार्ट्‌झचे बारीक कण, अशी या दगडाची एकसारखी घडण झाली. शेवटचा हात फिरवण्याच्या दगडात एखादाच भरड कण आला, तरी तासभराच्या मेहनतीवर एका फटक्यात ओरखडा उठतो. म्हणून बारीकपणापेक्षाही हा निर्मळपणा मोलाचा.

टप्प्याटप्प्याचे दगड

जपानी कारागीर दगडांचे तीन वर्ग करतात. भरड तो आरातो, मधला नाकातो आणि अखेरचा आवासेदो. तिन्ही एका ठिकाणी मिळत नाहीत. नागासाकीकडचा ओमुरा हा भरड वालुकाश्म. खपल्या उडालेले किंवा पार बोथट झालेले पाते त्यावर आधी आकारात आणायचे.

मधल्या वर्गात विविधता सर्वांत जास्त आहे. कुमामोतो प्रांतातल्या अमाकुसा बेटांवरचा दगड पांढुरका असतो आणि त्यावर बऱ्याचदा वाघाच्या अंगावर असतात तसे तांबूस पट्टे दिसतात. तो पाणी भरपूर पितो, भराभर कापतो आणि तुलनेने स्वस्त आहे. त्याच बेटांवरचा दगड दळून पोर्सेलीनच्या भांड्यांची मातीही केली जाते. एहिमे प्रांतातल्या इयो दगडाची कथा अशीच आहे. तोबे गावात या दगडाच्या खाणींपाशी भुकटीचे आणि तुकड्यांचे ढीग साचत. ओझुच्या सरंजामदाराच्या आज्ञेवरून त्या टाकाऊ मालापासून चिनीमातीची भांडी करण्याचे प्रयत्न सुरू झाले आणि १७७७ साली सुगिनो जोसुके याला यश आले. तोबेची भांडी आजही जपानभर नावाजलेली आहेत.

स्वयंपाकाच्या सुऱ्यांसाठी मधल्या वर्गातल्या नैसर्गिक दगडांत माझी पसंती क्योतोलगतच्या कामेओका भागातल्या आओतोला आहे. हा करडा-निळसर दगड मऊ असतो आणि त्याचा चिखल, म्हणजे घासताना झिजलेल्या दगडाची पाण्यात कालवलेली पूड, चटकन सुटतो. अमाकुसाच्या मानाने तो सावकाश चालतो, पण मागे ठेवलेले ओरखडे उथळ असतात. त्यामुळे पुढच्या दगडाचे काम निम्मे होते. रोज वापरायच्या सुरीसाठी पुष्कळदा आओतोवरच थांबता येते. टोमॅटोची साल पकडायला लागणारी किंचित दातेरी धार तो छान देतो.

आइची प्रांतातल्या मिकावाचा पांढरा नागुरा हा ज्वालामुखीच्या राखेचा दगड. त्याचा लहान तुकडा मोठ्या दगडावर घासून चिखल काढतात. तलवारीला झिलई देताना मोठ्या नागुरा दगडांवर पात्याचे मधले टप्पे पार पडतात आणि त्यानंतर क्योतोचा उचिगुमोरी दगड येतो. या कामाला जपानमध्ये राष्ट्रीय मान आहे. होनामी कोशू यांना २०१४ साली तलवारीच्या झिलईसाठी ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान मिळाला.

खाणीचे नाव आणि थराचे नाव

आवासेदो निवडताना नवखा माणूस खाणीच्या नावावर भुलतो. नाकायामा म्हटले की किंमत चढते. पण एकाच खाणीत एकावर एक अनेक थर असतात आणि दगडाचा स्वभाव खाणीइतकाच थरावरही ठरतो. मधल्या भागातला तोमाए घट्ट, एकजीव आणि भरवशाचा. त्याच्या वर आणि खाली सुइता नावाचे थर. सुइताच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे असतात, तो मोकळा असतो आणि पोलाद लवकर खातो. रंगांनाही नावे आहेत. आसागी फिकट निळा-करडा, कीइता पिवळसर, रेंगेवर गुलाबी ठिपके, कारासूवर कावळ्याच्या पिसांसारखे काळे डाग. संग्राहक या रंगांसाठी जास्त पैसे मोजतात, पण धारेचा अंदाज रंगावरून बांधणे धोक्याचे आहे.

सुरीसाठी खरा निकष कठीणपणाचा. ओझुकूचे कित्येक आसागी दगड अतिशय कठीण असतात. वस्तरा आणि रंध्याचे पाते यांना ते मानवतात, कारण तिथे टेकणारा भाग अरुंद आणि सपाट असतो. सुरीचा धारेकडे जाणारा रुंद उतार कधीच तंतोतंत सपाट नसतो. कठीण दगड त्याच्या उंचवट्यांनाच टेकतो, मऊ लोखंडावर चरे उमटवतो आणि खोलगट भाग तसेच चकाकत राहतात. ओहिरा किंवा शिन्देनचा मऊसर सुइता चिखल सोडतो आणि तो चिखल खळग्यांतही पोचतो. म्हणजे न्हाव्याचा उत्तम दगड आचाऱ्याच्या कामाचा असेलच असे नाही, आणि आचाऱ्याचा लाडका सुइता न्हाव्याला नको असतो. महागडा नाकायामा घेऊन निराश झालेले लोक बहुधा इथेच फसलेले असतात.

पात्यावर काय घडते

ओसाकाजवळचे साकाई हे सुऱ्यांचे शहर. तिथे लोहार, धार लावणारा आणि मूठ बसवणारा हे वेगवेगळे कसबी. तिथली यानागिबा, म्हणजे कच्च्या माशाचे काप काढायची लांब सुरी, एकाच बाजूने उतार असलेली असते. मागची बाजू किंचित खोलगट. मऊ लोखंडाला कठीण पोलादाचा थर भट्टीत जोडून हे पाते घडवतात. पोलाद बऱ्याचदा शिमाने प्रांतातल्या यासुगीचे, ‘पांढरा कागद क्रमांक २’ या जातीचे, ज्यात कार्बन १.०५ ते १.१५ टक्के असते आणि इतर धातू जवळजवळ नसतात.

आता दगडावरचे काम पाहू. १००० क्रमांकाच्या कृत्रिम दगडावर पूर्ण उतार टेकवून पाते घासले, की मागच्या बाजूला पोलादाची अतिबारीक कड वळून येते. अंगठ्याला ती हलकीच अडते. जपानीत तिला काएरी म्हणतात. टोकापासून टाचेपर्यंत ती अखंड आली, म्हणजे हा टप्पा संपला. मग सुइता घ्यायचा. तो पाण्यात बुडवून ठेवायचा नाही, थरांमध्ये पाणी शिरून तडा जाण्याची भीती असते. चार थेंब शिंपडून लहान दगडाने थोडे घासायचे, सहाणेवर गंध उगाळतो तसे. दाटसर चिखल वर येतो. त्यावर पाते फिरू लागले की तो आधी राखाडी आणि मग काळा होतो. तो काळेपणा पोलादाचा. इथे चिखल धुऊन टाकायचा नाही, सुकू लागला तर एखादा थेंब पाणी घालायचे. दाब कमी कमी करत न्यायचा आणि शेवटी पात्याच्या वजनावरच हात चालवायचा. सर्वांत शेवटी मागची बाजू दगडावर सपाट टेकवून काएरी काढायची.

पाते पुसून उजेडात धरले, की फरक डोळ्यांना दिसतो. मऊ लोखंडावर धुक्यासारखी मंद छटा येते, कडेचे पोलाद गडद आणि चमकदार राहते, आणि दोहोंमधली सांध्याची रेघ स्पष्ट उमटते. या रूपाला कासुमी म्हणतात. कृत्रिम दगडावर दोन्ही भाग पुष्कळदा सारखेच चकचकीत होतात. कसबी आचारी सांगतात, की नैसर्गिक दगडावरची धार माशात शिरताना ‘पकडते’ आणि तरीही कापलेला पृष्ठभाग तकतकीत राहतो. तीक्ष्ण पात्याने पेशी कमी चिरडतात, म्हणून मासा कमी पाणी सोडतो. साशिमीत, म्हणजे कच्च्या माशाच्या कापांत, शिजवणे नसतेच, त्यामुळे सुरीचे काम हाच स्वयंपाक असतो.

आकड्यांची बाजू

कृत्रिम दगडांना कमी लेखणे अन्यायाचे होईल. एडवर्ड ॲचेसन यांनी १८९१ च्या सुमारास अमेरिकेत सिलिकॉन कार्बाइड तयार केले आणि धारेचे जग बदलले. आज सिलिकॉन कार्बाइड किंवा ॲल्युमिना यांचे चाळून वेगळे केलेले कण बांधून दगड घडवतात. जपानी मानकानुसार १००० क्रमांकाच्या कणाचा मध्यम आकार सुमारे ११.५ मायक्रॉन, ६००० चा २ आणि ८००० चा १.२ मायक्रॉन. आज घेतलेला दगड आणि दहा वर्षांनी घेतलेला दगड सारखाच निघतो. भरड आणि मधल्या टप्प्यावर वेगात आणि भरवशात नैसर्गिक दगड त्यांची बरोबरी करू शकत नाहीत, हे जपानमधल्या बहुतेक कारागिरांनीही आपल्या कामातून मान्य केले आहे.

शिवाय पोलादाचीही अट आहे. क्वार्ट्‌झचा कठीणपणा खनिजांच्या काठिण्य-मोजपट्टीवर ७, ॲल्युमिनाचा ९. साध्या कार्बन पोलादातले लोहाचे कार्बाइड क्वार्ट्‌झला कापता येते, पण आधुनिक मिश्र पोलादातली व्हॅनेडियमची कार्बाइडे क्वार्ट्‌झपेक्षा कितीतरी कठीण असतात. अशा सुरीवर क्योतोचा दगड नुसता घसरत राहतो. तिथे हिरा अधिक उपयोगी. आपल्या घरोघरच्या साध्या स्टेनलेस सुऱ्यांचे पोलाद मऊ असते. त्यांना १००० क्रमांकाचा एक चांगला कृत्रिम दगड आणि स्थिर हात पुरेसा आहे, त्यांच्यासाठी महागडा आवासेदो घेणे व्यर्थ.

नैसर्गिक दगडालाही विक्रेते ‘८०००’, ‘१०,०००’ असे आकडे चिकटवतात. त्यांवर विसंबू नये. कृत्रिम दगडाचा आकडा त्यात घातलेल्या कणाचा असतो. क्योतोच्या दगडात कणांचे आकार मिसळलेले असतात, त्यांचा परिणाम चिखलावर, पाण्यावर आणि हाताच्या दाबावर बदलतो. मऊ दगडावर जाड चिखलात एक धार मिळते, त्याच दगडावर स्वच्छ पाण्यात दुसरी.

निवडताना आणि जपताना

पहिला दगड घेणाऱ्याने कार्बन पोलादाची सुरी असेल तरच पुढे जावे. रुंद उताराच्या यानागिबा किंवा भाज्या कापायच्या उसुबासाठी मऊ ते मध्यम सुइता, दोन्ही बाजूंनी धार असलेल्या ग्युतो सुरीसाठी किंचित कठीण तोमाए. चौकोनी, मोठ्या, डागविरहित दगडाची किंमत फार असते. त्याच थरातला वेडावाकडा तुकडा, ज्याला कोप्पा म्हणतात, तेच काम बऱ्याच कमी पैशांत करतो. घेण्यापूर्वी पृष्ठभागावरच्या रेषांवरून नख फिरवावे. नखाला अडणारी रेष पात्यालाही अडते. घरी आणल्यावर बाजूंना आणि तळाला लाखेचा लेप द्यावा, म्हणजे थर सुटत नाहीत. घासकाम झाल्यावर दगड सावलीत सुकू द्यावा आणि कडाक्याच्या थंडीत ओला ठेवू नये. शिरलेले पाणी गोठले, की दगड फुटतो.

खाणी बंद पडण्याची कारणे समजण्यासारखी आहेत. बोगद्यांतले काम जोखमीचे, फोडलेल्या खडकातला थोडाच भाग वापरण्याजोगा, आणि समोर स्वस्त कृत्रिम दगड, सेफ्टी रेझर, विजेवरची सुतारी अवजारे. कामेओकाच्या बाजूला अजून थोडे खाणकाम चालते, तेवढेच. मागणी मात्र संपलेली नाही: तलवारींची झिलई, जुन्या मंदिरांच्या दुरुस्तीतले सुतारकाम आणि क्योतोचे पारंपरिक स्वयंपाकघर या तिघांना हाच दगड लागतो.

म्हणूनच तुलना नीट करण्याला महत्त्व आहे. नावाला भुलून घेतलेला उत्तम दगड कपाटात पडून राहिला, तर तो एखाद्या आचाऱ्याच्या हातून हिरावल्यासारखाच आहे. भरड आणि मधले काम कृत्रिम दगडावर उरकावे, नैसर्गिक दगड शेवटच्या हातासाठी राखावा, आणि ज्या पात्याला तो खरोखर मानवतो त्याच पात्यासाठी तो घ्यावा. असा वापरला, तर एक दगड माणसाला आयुष्यभर पुरतो आणि त्यानंतर पुढच्या पिढीच्याही कामी येतो.