गच्चीवरचा भार आणि खांबांचा आधार

ज्या शहरात मे २०१९ मध्ये पारा ४७ अंशांच्याही पुढे गेला, त्या चंद्रपुरात दुकानदारांनी, दवाखान्यांनी आणि बँकांनी गच्चीवर थंडाव्याची यंत्रे चढवावीत, यात नवल काही नाही. एसीची क्षमता बाहेरचे तापमान ३५ अंश धरून ठरविलेली असते. येथे ते त्याहून दहा-बारा अंशांनी चढते, यंत्र अपुरे पडते, आणि मालक पहिल्याशेजारी दुसरे, अधिक मोठे यंत्र आणून बसवितो. पाण्याच्या टाक्या होत्याच. आता सौरपॅनेलही आली, आणि वडसा-गडचिरोलीकडच्या बाजारपेठांतही हेच चित्र दिसू लागले आहे. परंतु ज्या सपाट छतावर हा सारा पसारा मांडला जातो, ते मुळात किती भारासाठी बांधले होते, याचा तपास करण्याची तसदी फार थोडे मालक घेतात.

माणसांचा वावर असलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानकाने धरलेला चल भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. तो माणसांचा, वाळवणाचा, डागडुजीच्या सामानाचा. कायम ठाण मांडलेल्या यंत्राचा हिशेब त्यात नाही. हजार लिटरची टाकी भरली की नुसते पाणीच १००० किलो होते आणि ते जेमतेम एका चौरस मीटरवर विसावते. शिवाय छताला स्वतःचे वजन आहेच: चार इंची स्लॅबचे चौरस मीटरला सुमारे २५० किलो आणि त्यावरच्या विटांच्या कोब्याचे जवळजवळ २०० किलो. गळती लागली की जुना कोबा न काढता त्यावरच नवा थर चढविण्याची जी सवय आपल्याकडे पडली आहे, तिने छताची उरलीसुरली शिल्लकही खर्च होते. त्यातच कोळशाच्या धुळीने पावसाच्या पाइपाचे तोंड बुजले आणि १० सेंटिमीटर पाणी तुंबले, तर चौरस मीटरला आणखी १०० किलोंची भर पडते.

सोल शहरातील साम्पुंग हे बहुमजली दुकान २९ जून १९९५ रोजी कोसळले आणि ५०२ माणसे दगावली. खांब बारीक केले होते, वर एक जादा मजला चढविला होता. पण कोसळण्याच्या दोन वर्षे आधी गच्चीवरची अवजड शीतयंत्रे क्रेनने न उचलता रुळांवरून ओढत दुसऱ्या बाजूला नेली गेली, तेव्हा खांबांभोवतीच्या स्लॅबला पडलेल्या भेगा पुढे वाढतच गेल्या. भार जितका महत्त्वाचा, तितकीच त्याची जागा आणि तो तेथे नेण्याची रीत महत्त्वाची, हे त्या ढिगाऱ्याच्या चौकशीतून निष्पन्न झाले.

म्हणून यंत्राचा भार स्लॅबवर न टाकता खांबांवर उतरविणे, हाच या कामाचा गाभा आहे. प्रथम मंजूर नकाशे दफ्तरातून काढावेत. ते न मिळाल्यास स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सळ्यांचा माग, हातोडी-चाचणी आणि गरज पडल्यास काँक्रीटचा नमुना घेऊन इमारतीची खरी कैफियत समजून घ्यावी, कारण जुन्या इमारतींचे काँक्रीट बहुधा आजच्या किमान दर्जाहून कमी प्रतीचे असते. मग खांबांच्या नेमक्या माथ्यावर, कोबा तेवढ्यापुरता फोडून, हातभर उंचीचे काँक्रीटचे ठोकळे उभारावेत, त्यांवर या खांबापासून त्या खांबापर्यंत लोखंडी गर्डर टाकावेत, आणि यंत्र त्या गर्डरवर रबरी गाद्यांसह बसवावे. गर्डर अधांतरी राहिल्याने खालून पाणी मोकळे वाहते, झाडू फिरतो, आणि पुढे गळती निघाली तर यंत्र न हलविता कोबा दुरुस्त करता येतो. बीम किंवा खांब अपुरे ठरले, तर त्यांना काँक्रीटचे वा पोलादाचे जाकीट घालावे लागते. जुने जादा थर उतरविले, तर पुष्कळदा तेवढ्यानेच भागते.

सौरपॅनेलांची गोष्ट उलटी आहे. सांगाड्यासह त्यांचे वजन चौरस मीटरला १५ ते २० किलो, म्हणजे किरकोळच; भीती आहे ती वळवाच्या वादळाची, जे पॅनेलखाली शिरून सारा सांगाडा वर उचलू पाहते. त्याला दाबून धरण्यासाठी ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे पुन्हा भारात मोजावे लागतात, आणि बोल्ट मारावे, तर प्रत्येक छिद्र पावसाळ्यात पाण्याची वाट ठरू शकते. म्हणून बोल्टाभोवती जलरोधक थर नीट वळवून घेणे अगत्याचे.

एप्रिलमध्ये ऊन असह्य झाल्यावर यंत्र मागवायचे आणि आठवड्यात चढवून मोकळे व्हायचे, या घाईत यांतले काहीच साधत नाही. तपासणीला वेळ लागतो, नव्या काँक्रीटला पाणी मारीत पिकू द्यावे लागते, आणि क्रेनला पेठेत शिरायला मोकळा रस्ता हवा. तेव्हा ज्याला पुढच्या उन्हाळ्यात गच्चीवर नवे यंत्र हवे आहे, त्याने इंजिनिअरला दिवाळीनंतर लगेच बोलवावे.