आधी अक्षर, मग यंत्र

पाट्या आणि नामफलक बनवण्याच्या धंद्यात उतरू पाहणारा तरुण एखाद्या जाणत्याला भेटला, की त्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा यंत्राचा असतो. फ्लेक्स छापणारं घ्यावं की लेझर कटिंगचं, नवं की वापरलेलं, बँक किती देईल. प्रश्न चुकीचा नाही, पण तो वेळेआधी विचारलेला आहे. या धंद्यात पूर्वानुभव नसणं ही मोठी अडचण नाही. माणूस अडकतो तो अनुभव येण्याआधी डोक्यावर घेतलेल्या हप्त्यात. नवख्याने यंत्र सर्वांत शेवटी घ्यावं आणि त्याआधीचा काळ माप, अक्षर आणि फिटिंग या तीन गोष्टी शिकण्यात घालवावा, असं माझं ठाम मत आहे, आणि त्याची कारणं या धंद्याच्या घडणीतच आहेत.

मागणी आहे, यात शंका नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या कक्षेत दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानं येत नव्हती, त्यामुळे मराठी पाटीच्या सक्तीतून ती सुटत होती. 2022 च्या दुरुस्तीने ही पळवाट बंद झाली. आता लहानमोठ्या प्रत्येक दुकानाची पाटी देवनागरी मराठीत हवी, मराठी मजकूर आधी हवा आणि त्याची अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. व्यापाऱ्यांची संघटना याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा 25 सप्टेंबर 2023 रोजी न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिने दिले. अशा आदेशाने काम एकदम येतं, पण पाटी बदलून झाली की तोच दुकानदार पुढची काही वर्षं फिरकत नाही. लाट पाहून पाच वर्षांचं कर्ज काढणाऱ्याने हे ध्यानात घ्यायला हवं. शिवाय सरकारी नियम काम देतो तसा ते काढूनही घेतो. गाडीच्या नंबरप्लेटवर रेडियमचे आकडे चिकटवून देणं हे लहानशा प्लॉटरवर चालणारं हमखास काम होतं. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट विक्रीच्या वेळीच बसून येऊ लागली, आणि पुढे महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांनाही ती नेमलेल्या कंपन्यांकडूनच बसवून घेण्याची सक्ती झाली. ज्याचं सगळं भांडवल त्या एका कामात होतं त्याच्या पोटावर पाय आला. ज्याला अक्षर कापून कशावरही नीट बसवता येतं, त्याला दुकानांच्या काचा, ऑफिसांची दारं आणि मालवाहू गाड्या मोकळ्याच होत्या.

एका पाटीत चार कामं असतात: जागेवर जाऊन माप घेणं, आराखडा करणं, तो छापणं किंवा कापणं, आणि नेऊन बसवणं. मोठं यंत्र लागतं ते फक्त तिसऱ्या कामाला, आणि नेमकं तेवढंच काम बाजारात विकत मिळतं. फ्लेक्स आणि व्हिनाइल छापून देणारे, ॲक्रिलिक लेझरवर कापून देणारे, एसीपीचं (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेलचं) शीट राउटरवर कोरून देणारे जॉबवर्कवाले आज जिल्ह्याच्या बहुतेक शहरांत सापडतात. छपाईचा भाव चौरस फुटावर ठरतो आणि शेजारच्या यंत्रातूनही तसंच फ्लेक्स बाहेर पडतं, म्हणून भाव पाडण्याची चुरस सर्वांत तीव्र तिथेच असते. मोठं यंत्र रिकामं ठेवूनही चालत नाही. सॉल्व्हंट शाईचा प्रिंटर काम नसलं तरी अधूनमधून चालवावा लागतो, नाहीतर हेडमध्ये शाई सुकून छिद्रं बुजतात, आणि हेड बदलणं हा मोठा खर्च आहे. महिन्याला मोजक्याच ऑर्डरी असलेला माणूस असं यंत्र घेतो, तेव्हा ते चालू ठेवण्यासाठी पडत्या भावातही फ्लेक्स छापू लागतो. मग माप घ्यायला, ग्राहकाशी बोलायला आणि फिटिंगवर उभं राहायला त्याच्याकडे वेळ उरत नाही, आणि खरी कमाई तर तिथेच आहे.

या उरलेल्या कामांत सर्वांत दुर्लक्षित आहे ते अक्षर. रोमन अक्षरांसाठी पाटीवाल्यांत एक ढोबळ हिशेब चालतो: अक्षराची एक इंच उंची दहा फुटांवरून सहज वाचता येते. वाचणारा 60 फुटांवरच्या फूटपाथवर असेल तर अक्षर निदान सहा इंचांचं हवं. हा हिशेब देवनागरीला जसाच्या तसा लावला की फसगत होते. रोमन मोठी अक्षरं पट्टीची पूर्ण उंची वापरतात. त्याच पट्टीत ‘श्री गुरुकृपा’ बसवायचं तर वरच्या वेलांटीला आणि खालच्या उकारांना जागा सोडून मूळ अक्षराला उरलेल्या मधल्या भागात भागवावं लागतं. म्हणजे दोन्ही ओळींना सारखी जागा देणाऱ्या आराखड्यात मराठी अक्षर नकळत लहान होतं, आणि कायद्याला नेमकं तेच नको आहे. मराठी ओळीला जास्त उंची द्यावी लागते, हे ज्याला कळलं त्याची पाटी रस्त्याच्या पलीकडून वाचली जाते. फॉन्ट जितका जाड तितका तो ठळक, हाही असाच एक गैरसमज. जाड फॉन्टमध्ये ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ष्ट्र’ यांच्या पोकळ्या बुजतात, आणि पाटी आतून प्रकाशाची असेल तर रात्री उजेडच त्या भरून टाकतो. सुटी अक्षरं कापायची असतील तर शिरोरेषा अख्खा शब्द धरून ठेवते ही सोय आहे, पण अनुस्वार हा वेगळा तुकडा होतो. तो नुसत्या गोंदावर चिकटवला आणि पावसाळ्यात गळून पडला, की ‘चिंतामणी’चं ‘चितामणी’ होतं.

संगणकावरची मराठी हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. मोबाइलवर आलेला युनिकोड मजकूर ड्रॉइंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते आणि जोडाक्षरं फुटून पायमोडकी होतात. उलट, जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की मजकुराचा पत्ताच लागत नाही. जॉबवर्कला फाइल देण्याआधी अक्षरांचं बाह्यरेषेत रूपांतर करणं आणि त्यानंतर पुन्हा एकदा एकेक अक्षर वाचणं, ही सवय पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे. चांगल्या फॉन्टसाठी पैसे मोजलेच पाहिजेत असंही नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, धंद्यासाठीही ते मोफत वापरता येतात. हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ मराठी पाटीवर परका दिसतो, तेवढं पाहून घ्यावं. मराठी नाटकांच्या जाहिरातींची अक्षरं ज्यांनी घडवली त्या कमल शेडगे यांची शीर्षकं जमवून समोर ठेवावीत आणि एका शब्दात वजन कुठे दिलं आहे, पोकळी कुठे राखली आहे, हे हाताने गिरवून पाहावं. कोणत्याही अभ्यासक्रमाइतका त्याचा उपयोग होईल. आणि शुद्धलेखन! ‘आशीर्वाद’चं ‘आर्शिवाद’ आणि ‘हार्दिक’चं ‘हार्दीक’ झालेल्या पाट्या गावोगाव दिसतात. चूक ग्राहकाच्या चिठ्ठीतली असली तरी बदनामी पाटीवाल्याचीच होते. शब्दकोश जवळ असावा आणि ग्राहकाची सही घेतल्याशिवाय प्रूफ पुढे जाऊ नये.

फिटिंगकडे मात्र केवळ धंद्याच्या नजरेने पाहून भागणार नाही, कारण त्यात लोकांचे जीव गुंतलेले आहेत. 5 ऑक्टोबर 2018 रोजी पुण्यात जुन्या बाजाराजवळच्या चौकात होर्डिंगचा सांगाडा कोसळून चार जण गेले. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला वादळात कोसळलेल्या होर्डिंगखाली 17 जणांचा मृत्यू झाला. ते सुमारे 120 फूट बाय 120 फुटांचं होतं, आणि मुंबईत मर्यादा 40 फूट बाय 40 फुटांची होती. नवखा माणूस होर्डिंगच्या वाटेला जाणार नाही आणि त्याने जाऊही नये, पण वाऱ्याचा नियम दुकानाच्या पाटीलाही तोच आहे. इमारतींच्या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे. वाऱ्याचा दाब काढण्याच्या साध्या सूत्राने 20 फूट बाय 4 फुटांच्या पाटीवर अशा झोताचा भार सुमारे पावणेनऊशे किलो येतो. पाटीचं स्वतःचं वजन यापुढे किरकोळ आहे. भिंत पोकळ विटांची आहे की काँक्रीटची, तिथे साधा प्लग चालेल की अँकर फास्टनर हवा, फ्रेम कुठे टेकवायची, हे म्हणूनच माप घेतानाच पाहावं लागतं. ॲक्रिलिकचंही असंच आहे. आठ फुटांचं शीट तापमानातल्या 30 अंशांच्या फरकाने सुमारे पाच मिलिमीटर लांब-आखूड होतं. स्क्रूची भोकं घट्ट ठेवली तर ते कडेला तडकतं, थोडी मोकळी ठेवली तर टिकतं. प्रकाशाच्या पाटीत 1.2 वॉटची शंभर एलईडी मॉड्यूल लावली तर भार 120 वॉट होतो, आणि वीज पुरवणारा संच 80 टक्क्यांवरच चालवायचा म्हटलं तर तो 150 वॉटचा हवा. एवढं गणित न केल्यामुळे कितीतरी पाट्या अर्ध्या विझलेल्या दिसतात. 12 व्होल्टची तार लांबवर नेली की टोकाची अक्षरं मंद पडतात, हेही त्याच गणितातलं. जोडणीचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं, त्यात काटकसर नको.

यावर धंद्यातली माणसं पहिला आक्षेप घेतात तो नफ्याचा आणि वेळेचा. जॉबवर्कवाल्याला त्याचा वाटा दिला की आपल्या हातात काय राहणार, आणि त्याने उशीर केला तर ग्राहकाला काय सांगणार? आक्षेप खरा आहे. चौरस फुटामागे मिळकत कमी होते, आणि सणासुदीला तुमची फाइल मागे पडते. पण ही किंमत काम असतं तेव्हाच मोजावी लागते, हप्ता काम नसतानाही द्यावा लागतो. दोन-तीन जॉबवर्कवाल्यांशी संबंध ठेवले आणि ग्राहकाला एक दिवस पुढची तारीख दिली तर वेळेचा प्रश्न बराच सुटतो. शिवाय दीड-दोन वर्षांच्या बिलांवरून आपण दर महिन्याला नेमकं काय आणि किती बाहेरून करून घेतो, हे कागदावर दिसतं. त्या आकड्यातून हप्ता सुटत असेल तर यंत्र जरूर घ्यावं, आणि तेव्हा कोणतं घ्यावं हा प्रश्नही उरलेला नसतो. दुसरा आक्षेप असा, की ग्राहक फक्त भाव विचारतो, अक्षराची पारख कुणाला आहे? काहींच्या बाबतीत हे खरं आहे, आणि अशा ग्राहकासाठी नवख्याने धडपडू नये. डॉक्टर, शाळा, गृहनिर्माण संस्था, लहान कारखाने यांना पाटी वर्षानुवर्षं टिकायला हवी असते. कोटेशनमध्ये मालाची जाडी, एलईडीची हमी, फिटिंगचा प्रकार आणि पावसाळ्यानंतरची एक तपासणी लिहून दिली, तर ते चार पैसे जास्त द्यायला तयार होतात. मोबाइलवर आता कुणीही डिझाइन करतं, हा तिसरा आक्षेप. करू द्यावं. ते चित्र वीस फुटांच्या भिंतीवर कसं बसेल, हे सांगायला माणूस लागतोच.

वाढदिवसाच्या आणि अभिनंदनाच्या फ्लेक्सबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण नवख्याला पहिला पैसा तिथेच दिसतो. परवानगीशिवाय सार्वजनिक जागी लावलेला फलक महाराष्ट्राच्या 1995 च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरतो, आणि मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा होर्डिंगविरुद्ध वारंवार आदेश दिले आहेत. असा फलक छापणारा आणि चढवणारा स्वतःला निर्दोष समजू शकत नाही. शिवाय दोन दिवसांत उतरणारं ते पीव्हीसी जाळलं की विषारी धूर होतो, आणि पुरलं तर कुजत नाही. उधारीही याच कामात सर्वांत जास्त राहते. परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय असं काम घेऊ नये. दुकानाच्या प्रकाशित पाटीलाही महापालिकेचा परवाना लागतो का, हे आधी विचारून घ्यावं. पुणे महापालिकेत हे काम आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे आहे.

कागदपत्रांचा बाऊ करण्याचं कारण नाही. सरकारी संकेतस्थळावरची उद्यम नोंदणी मोफत असते, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. जीएसटी नोंदणीची मर्यादा मालाच्या विक्रीसाठी वर्षाला 40 लाख आणि सेवेसाठी 20 लाख रुपये आहे. पाटीच्या कामात माल आणि सेवा दोन्ही मिसळलेले असतात, म्हणून सल्लागाराला एकदा विचारावं. मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50 हजारांपर्यंत कर्ज मिळतं. ड्रिल, शिडी, मापाची साधनं आणि बरा वापरलेला संगणक यांची सुरुवात त्यात होऊ शकते. प्रत्येक कामाला निम्मा ॲडव्हान्स घ्यावा, कारण ग्राहकाच्या नावाची पाटी दुसऱ्या कुणाला विकता येत नाही.

ज्यांना या धंद्यात यायचं आहे त्यांनी यंत्रांच्या प्रदर्शनाला जाण्याआधी आपल्या गावातल्या पाटी बसवणाऱ्या कारागिराकडे सहा महिने काम मागावं. परांचीवर उभं राहावं, भिंतीला भोकं पाडावीत, जुन्या पाट्या उतरवून त्या कुठून गंजल्या आणि कुठे तडकल्या ते पाहावं. पगार कमी मिळाला तरी चालेल. यंत्राचा विक्रेता सहा महिन्यांनीही तिथेच असेल.